तू कुणाचा रे?

ज्या गावावरून उलवे नोडला नाव मिळालं, ते उलवे गाव आता त्याच्या जागी नाही. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं-पाडे उठले, त्यांत उलवे होतं. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वाघिवली ही आसपासची वस्तीही होती. सुमारे नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट केली, नदी वळवली, आणि भातशेती-मिठागरांच्या पट्ट्यात सिडकोचे सेक्टर उभे राहिले. ११ नोव्हेंबर २०१८ला खारकोपरपर्यंत लोकल आली. १२ जानेवारी २०२४ला ती उरणला पोचली आणि त्याच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं. २५ डिसेंबर २०२५पासून शेजारच्या धावपट्टीवरून प्रवासी विमानं उडू लागली.

इतक्या वेगाने वाढणाऱ्या वस्तीत इमारती आधी येतात, शेजार नंतर. जुन्या आगरी-कोळी गावांत रस्त्यात एखादं पोर दिसलं की कुणीतरी म्हातारं माणूस हटकून विचारायचं, ‘तू कुणाचा रे?’ उत्तरात बापाचं नाहीतर आजाचं नाव आलं की पुढची चौकशी आपोआप व्हायची: आज शाळा नाही का, डोळे का सुजलेत, कुणी मारलं का. टॉवरमध्ये राहणाऱ्या मुलाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. वॉचमनला फ्लॅटचा नंबर माहीत असतो, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकूंना तोही नसतो. निम्म्या घरांत भाडेकरू, अकरा महिन्यांचा करार, आणि आजी-आजोबा साताऱ्याला नाहीतर जळगावला.

अशा वस्तीत मुलाची विचारपूस करणारं घराबाहेरचं मोठं माणूस बहुधा एकाच ठिकाणी भेटू शकतं, ते म्हणजे शाळेत. मुलाकडे लक्ष ठेवण्याचं काम शाळेने कधी आणि कसं अंगावर घेतलं, त्यातलं आपल्यापर्यंत काय आलं आणि वाटेत काय गळलं, हे या प्रकरणात पाहू. त्यासाठी चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळांची परंपरा उपयोगी पडते. आपल्या वर्गातला मॉनिटर आणि मैदानावरची हाउसं यांची मुळं बरीचशी तिथे सापडतात. आणि गंमत म्हणजे त्यांतलं एक मूळ परत भारतातच येतं.

मद्रासची वाळू

१७८९मध्ये अँड्र्यू बेल या पाद्र्याकडे मद्रासच्या एग्मोर भागातल्या मुलग्यांच्या अनाथालयाची देखरेख आली. लष्करातल्या गोऱ्या बापांची मुलं तिथे होती. शिक्षक थोडे, मुलं फार. बेलने एका देशी शाळेत मुलांना वाळूवर बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी हाच प्रकार. पद्धत त्याला आवडली, पण त्याच्या शिक्षकांना ती पटेना. तेव्हा त्याने ते काम एका लहान मुलाकडेच सोपवलं. हळूहळू सगळी शाळा तशीच चालू लागली: थोडं पुढे गेलेलं मूल मागच्यांना शिकवणार, त्यांच्यावर आणखी एक मूल देखरेख करणार. छडीपेक्षा बेलचा भर बक्षिसांवर होता. वह्यांत चुका नोंदवायच्या आणि मुलांच्या पंचांनीच त्यांचा निवाडा करायचा, असा त्याचा रिवाज होता.

या प्रयोगावरचं त्याचं छोटं पुस्तक १७९७मध्ये लंडनला निघालं. १८११मध्ये गरिबांच्या शिक्षणासाठी नॅशनल सोसायटी स्थापन झाली, तिने हीच ‘मद्रास पद्धत’ उचलली आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळांचं जाळं विणायला घेतलं. इंग्लंडमध्ये सरकारने शाळांच्या खर्चाला हातभार लावायला सुरुवात केली ती १८३३मध्ये, म्हणजे त्यानंतर बावीस वर्षांनी.

तीच पद्धत बोटीने परत आली. मुंबईचे पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी १८१५मध्ये बॉम्बे एज्युकेशन सोसायटी काढली. तिच्या शाळेतही मुख्यतः गोऱ्या सैनिकांची आणि अँग्लो-इंडियन मुलंच होती. पण १८२०च्या सुमारास सोसायटीने देशी मुलांच्या शाळांकडे लक्ष वळवलं आणि १८२२मध्ये त्या कामासाठी निराळी संस्था झाली. तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या धोरणामुळे या शाळांत धर्मशिक्षण ठेवलं नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे आणि बाळशास्त्री जांभेकर यांनी याच संस्थेत काम केलं. छत्र्यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८मध्ये छापली गेली. मराठी मुलाच्या हातात छापील शालेय पुस्तक आलं, त्या वाटेवर एका आर्चडीकनची सोसायटी उभी होती.

मॉनिटर मात्र इथे येईपर्यंत आणि टिकेपर्यंत बदलला. बेलच्या शाळेत तो शिकवत होता, मागे पडलेल्याला हात देत होता. आपल्या वर्गात तो बाई बाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो.

देवळालीचं वसतिगृह, उलव्याचा टी-शर्ट

हाउसची गोष्टही अशीच. रग्बी या शाळेत १८२८ ते १८४२ या काळात मुख्याध्यापक असलेले थॉमस आर्नल्ड हे चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू. मुलं शाळेत राहत, आणि ज्या इमारतीत झोपत-जेवत तिचा एक प्रमुख शिक्षक असे. कोण जेवला नाही, कोण रात्री रडतो, कुणाचं पत्र बरेच दिवस आलं नाही, हे त्याला कळण्याची निदान शक्यता असे. वरच्या वर्गातल्या मुलांवर धाकट्यांची जबाबदारी टाकण्याची पद्धत आर्नल्डने पक्की केली.

महाराष्ट्रात या परंपरेच्या शाळा आजही चालू आहेत. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलच्या आश्रयाने १८६०मध्ये निघालेली शाळा १९२२मध्ये जॉन कॉनन शाळेत मिसळून आजची कॅथीड्रल अँड जॉन कॉनन झाली. पुण्यातली बिशप्स १८६४ची आणि सेंट मेरीज १८६६ची. बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची निवासी शाळा भायखळ्याच्या गर्दीतून देवळालीच्या मोकळ्या हवेत हलली ती १९२५मध्ये, आणि बार्न्स यांचं नाव तिला मिळालं. भारतातलं अँग्लिकन चर्च १९३०मध्येच चर्च ऑफ इंग्लंडपासून कायद्याने वेगळं झालं आणि त्याचा महाराष्ट्रातला भाग २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाला. म्हणजे या शाळांचा कारभार केव्हाच देशी झाला आहे.

देवळालीत हाउसला अर्थ होता, कारण मुलं तिथे राहत होती. उलव्यातल्या मुलाचं हाउस म्हणजे शनिवारचा लाल, पिवळा, हिरवा किंवा निळा टी-शर्ट आणि स्पोर्ट्स डेची रेस. हाउसचे शिक्षक कोण, हे विचारलं तर बऱ्याच मुलांना आठवावं लागतं. टाय, ब्लेझर, प्रीफेक्टचा बिल्ला आणि हाउसची ढाल दिवसाच्या शाळेत सहज आणता आली. मुलाला ओळखणारं माणूस आणायला पगार आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून तेवढं राहून गेलं.

इंग्लंडमध्ये आज काय चालतं

इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे ४,६०० शाळा आहेत आणि त्यांत सुमारे दहा लाख मुलं शिकतात. बहुतेक शाळा प्राथमिक, माध्यमिक त्या मानाने थोड्या. सरकारी पैशावर चालणाऱ्या या शाळांत फी नसते आणि सगळ्या धर्मांची मुलं असतात. रोजच्या सामूहिक उपासनेचा नियम आहे, पण पालक आपल्या मुलाला त्यातून बाहेर ठेवू शकतात. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३)मध्येही तोच धागा आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला पालकांच्या संमतीशिवाय बसवता येत नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढे आहे, आणि तो चर्चच्या शाळांपुरताच मर्यादित नाही. माध्यमिक शाळेत प्रत्येक मूल पंचवीस-तीस जणांच्या एका ट्यूटर गटात असतं. दिवसाची सुरुवात या गटात होते. हजेरी घेता घेता ट्यूटर पाहतो की कोण गप्प आहे, कोण दोन दिवस आलं नाही, कुणाच्या शर्टाला इस्त्री नाही. पुष्कळ शाळांत तोच ट्यूटर वर्षानुवर्षं त्याच मुलांबरोबर वर सरकतो. त्याच्या वर त्या इयत्तेचा प्रमुख असतो. चर्चच्या पुष्कळ शाळांत चॅपलेन असतो. त्याच्याकडे मार्क नसतात, शिक्षा नसते, दार उघडं असतं. आणि प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी नेमलेला एक जबाबदार अधिकारी असतो. कुणाही शिक्षकाला, शिपायाला किंवा स्वयंपाक्याला शंका आली, तर ती त्याच्याकडे लेखी पोचवावी लागते.

हा शेवटचा नियम चांगुलपणावर विसंबून न राहण्यासाठी आहे, आणि तो महागात शिकलेला धडा आहे. इंग्लंडच्या सरकारी शाळांत छडी १९८७पर्यंत कायदेशीर होती. नोव्हेंबर २०२४मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. जॉन स्माइथ नावाच्या बॅरिस्टरने ख्रिस्ती शिबिरांतून जवळ आलेल्या मुलांचा अनेक वर्षं अमानुष छळ केला होता, आणि चर्चमधल्या जबाबदार माणसांनी माहिती असूनही वेळेवर पावलं उचलली नाहीत, असं चौकशी अहवालात आलं होतं. ज्या मंडळींनी मुलांची काळजी घेण्याचं व्रत सांगितलं, त्यांच्याच सावलीत हे घडलं. मुलाला जवळून ओळखणारं माणूस हवंच, पण त्या माणसावरही कुणाची तरी नजर हवी.

आपल्याला हे दूरचं वाटण्याचं कारण नाही. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराने महाराष्ट्र हादरला. मार्च २०२२च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी होती. ती किती ठिकाणी कागदाबाहेर आहे, हा प्रश्न त्यानंतर राज्यभर विचारला गेला.

नववीतला दिवस

आता उलव्यात येऊ. नववीतल्या मुलीचा दिवस साधारण असा जातो. पावणेसहाला उठायचं, सव्वासहाला व्हॅनवाले काका गेटवर. सातला प्रार्थना, मग आठ तास, मध्ये वीस मिनिटांची मधली सुट्टी. दीडला घरी, आईने सकाळीच करून ठेवलेलं जेवण. चारला क्लास, सातला परत. आई बेलापूरहून, बाबा फोर्टातून किंवा जेएनपीएच्या शिफ्टवरून येईपर्यंत साडेआठ-नऊ. मग गृहपाठ, युनिट टेस्ट, व्हॉट्सॲपवरचे वर्गाचे ग्रुप आणि झोप साडेअकराच्या पुढे. खेळ या वेळापत्रकात रविवारी बसतो, तोही क्लासची जादा परीक्षा नसेल तर.

यात सगळ्यात मोठी चोरी झोपेची होते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं आणि झोपेची रसायनं रात्री उशिरा पाझरू लागतात, त्यामुळे ‘लवकर झोप’ म्हणून ती लवकर झोपत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नका, असं सांगितलं. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४मध्ये शाळा नऊच्या आधी न भरवण्याचा निर्णय घेतला, पण तो पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंत. लहानांची सोय झाली हे चांगलंच. पण ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं, ती आठवी-नववीची मुलं सकाळच्या सत्रात तशीच राहिली. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळेत मोठ्यांना दुपारचं सत्र दिलं, तर एकही रुपया खर्च न करता त्यांना दीड-दोन तास झोप मिळेल. अडचण क्लासच्या वेळांची आहे, आणि ती शाळा-पालकांनी एकत्र बसून सोडवण्यासारखी आहे.

मग चिंता. एनसीईआरटीने २०२२मध्ये सहावी ते बारावीच्या ३.७९ लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली. अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांमुळे काळजी वाटते, असं ८१ टक्के मुलांनी सांगितलं. त्याच पाहणीत ७३ टक्के मुलं शाळेतल्या आयुष्याबद्दल समाधानी होती. हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. मुलांना शाळा हवी असते, कारण मित्र तिथे असतात. धसका मार्कांचा असतो.

विमानाखालचा वर्ग

उलव्यातल्या शाळांपुढे आता एक नवा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला जगाचा अनुभव हाताशी आहे. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२मध्ये बंद झाला आणि दुसरीकडे नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांच्या आधी आणि नंतर चाचण्या घेतल्या. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि दूरची स्मरणशक्ती घसरली, जुन्या ठिकाणच्या मुलांची सुधारली. हा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. २००५मध्ये लंडन, ॲमस्टरडॅम आणि माद्रिद इथल्या विमानतळांभोवतीच्या नऊ-दहा वर्षांच्या २,८४४ मुलांचा अभ्यास आला. त्यातही विमानांचा आवाज वाढतो तसं वाचनाचं आकलन कमी होतं, हे दिसलं. मूल आवाजाला ‘सरावतं’ तेव्हा ते आवाजाबरोबर बाईंचं बोलणंही कानाआड करायला शिकतं, असं यामागचं एक स्पष्टीकरण आहे.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र घोषित करता येतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. उलव्याच्या कुठल्या सेक्टरवर किती आवाज येतो, हे मोजूनच कळेल. विज्ञानाच्या शिक्षिकेने सातवीच्या मुलांकडून महिनाभर वर्गावर्गात आवाज मोजून घेतला, तर तो प्रकल्पही होईल आणि खिडक्या कुठे बदलायच्या, परीक्षेचा वर्ग कुठल्या बाजूला घ्यायचा, हेही ठरेल. म्युनिकच्या अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट म्हणजे आवाज थांबल्यावर मुलं सावरली. नुकसान कायमचं नव्हतं.

कायदा काय मागतो

कायदा आपल्याकडेही कमी नाही. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. याच कायद्याच्या परिशिष्टात मैदान आणि वाचनालय आवश्यक ठरवलं आहे. पॉक्सो कायदा २०१२नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. २५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा, आणि मार्कांवरून मुलांच्या तुकड्या पाडणं, चारचौघांत लाज काढणं टाळावं, असं त्यांत आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, आणि संकटातल्या मुलासाठी १०९८ आहे.

हे सगळं दारापर्यंत आलेलं आहे. पण समुपदेशकाच्या खोलीकडे मूल आपण होऊन क्वचित जातं. वर्गातून नाव पुकारून नेलं तर मधल्या सुट्टीत चिडवाचिडवी ठरलेलीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दहा ते एकोणीस वयोगटात सातातल्या एका मुलाला मानसिक आजाराचा त्रास असतो. चाळीस मुलांच्या वर्गात ही पाच-सहा मुलं झाली. एका समुपदेशकाला हजार मुलांतून ती शोधता येणार नाहीत. आधी वर्गात कुणीतरी ती ओळखायला हवीत. समुपदेशकाच्या आधीची ही पायरी कुठल्याच निकालपत्रात नाही, आणि इंग्लंडच्या शाळेतला ट्यूटर नेमका तिथे उभा असतो.

आपल्याकडे तिथे क्लास टीचर उभ्या राहू शकतात. पण त्यांच्याकडे पन्नास मुलं, सहा तास, पोर्टलवरच्या नोंदी आणि डायरीतले रिमार्क असतात. त्यांच्या जोडीला हाउसची यंत्रणा कामाला लावता येईल. हाउस शिक्षकांनी पंचवीस-तीस मुलांचा मिश्र गट सहावी ते दहावी सांभाळायचा. सोमवार आणि गुरुवारी प्रार्थनेनंतरची पंधरा मिनिटं या गटाची, आणि त्यात पोर्शन नाही. दहावीतली मुलं सहावीतल्या एकेकाची जबाबदारी घेणार. बेलला मॉनिटरकडून हेच हवं होतं. शिक्षकाची एक वही असेल, तिच्यात मार्क नसतील. ‘दोन दिवस डबा उघडला नाही’, ‘व्हॅनमध्ये बसायला नको म्हणतो’, एवढंच. वही महिन्यातून एकदा समुपदेशकाने आणि सखी सावित्री समितीतल्या एका बाहेरच्या सदस्याने पाहायची, म्हणजे सांभाळणाऱ्यावरही नजर राहते.

उलव्यात प्रवेशासाठी शाळा पाहायला जाणारे पालक एसी, स्मार्ट बोर्ड आणि दहावीचा निकाल विचारतात. आणखी चार गोष्टी विचारायला हरकत नाही. माझं मूल महिनाभर उदास राहिलं तर शाळेत सर्वांत आधी कुणाच्या लक्षात येईल? त्या व्यक्तीकडे किती मुलं आहेत? समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येतात, आणि मूल वर्गात न सांगता त्यांच्याकडे जाऊ शकतं का? आणि तक्रार एखाद्या शिक्षकाविरुद्धच असेल, तर ती कुणाच्या हातात जाते? पहिल्या प्रश्नाला ‘आमच्याकडे सगळेच लक्ष ठेवतात’ असं उत्तर आलं, तर तिथे नेमून दिलेलं कुणी नाही, असं समजावं. मुख्याध्यापकांनी एखाद्या बाईंचं नाव घेतलं, त्यांच्या गटातल्या मुलांची संख्या सांगितली आणि ‘चला, भेटून घ्या’ म्हणून उठले, तर शाळेची इमारत जुनी असली तरी प्रवेश घ्यावा.